मराठी संकेतस्थळांची सुगम्यता : मजकूर, कायदा आणि मधला माणूस

संकेतस्थळ सर्वांसाठी खुले असणे आणि ते सर्वांना वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंतील अंतर कमी करण्याच्या प्रयत्नालाच सुगम्यता म्हणतात. डोळ्यांनी दिसत नसलेल्या, कानांनी ऐकू येत नसलेल्या, हाताची बोटे नीट चालत नसलेल्या किंवा लांबलचक सूचना वाचून लक्षात ठेवणे जड जाणाऱ्या व्यक्तीलाही दुसऱ्या कोणाची मदत न घेता तीच माहिती आणि तीच सेवा मिळाली, तर ते संकेतस्थळ सुगम्य ठरते. या व्याख्येतील कळीचा भाग ‘दुसऱ्या कोणाची मदत न घेता’ हा आहे. नांदेड-लातूर मार्गावरील लोहा या तालुक्याच्या गावी आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, निराधार योजनेचे अनुदान, दिव्यांग व्यक्तीचे वैश्विक ओळखपत्र अशा बहुतेक कामांची सुरुवात आज संकेतस्थळावरच होते. ते वापरता आले नाही म्हणून माणूस काम सोडून देत नाही. तो ‘सेतू’वर, म्हणजे सेवा केंद्रावर किंवा एखाद्या नेट कॅफेत जातो, आपला आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी तिसऱ्याच्या हाती देतो, शुल्क भरतो आणि आपल्या नावाने नेमके काय भरले गेले हे न पाहता परततो. शासनाच्या नोंदीत मात्र तो अर्ज यशस्वीरीत्या दाखल झालेला असतो. दुर्गम संकेतस्थळाची खरी किंमत अशी आकडेवारीत न दिसणारी आहे, आणि म्हणूनच या प्रश्नाचा आढावा घेताना ‘किती जण वगळले गेले’ या प्रश्नाइतकाच ‘किती जण परावलंबी झाले’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळी प्रश्नावलीत दिव्यांगत्वाचे मोजकेच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मात्र २१ प्रकार मान्य केले, त्यांत अध्ययन अक्षमता, आम्लहल्ल्याने आलेले व्यंग आणि कंपवातासारखे आजारही आले. शिवाय साठीनंतर अंधुक दिसणारे, मधुमेहाने दृष्टी कमी झालेले, ऊसतोडीत किंवा बांधकामावर बोटांचे ठसे झिजलेले आणि भर उन्हात शेतात उभे राहून फोनचा पडदा वाचू पाहणारे हे सर्व कोणत्याही प्रमाणपत्राविना याच अडचणी अनुभवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र काढणे अपेक्षित होते. त्या कामासाठी फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवणारी कोणतीही रचना धडधाकट डोळ्यांनाही दुर्गमच असते.

जागतिक पातळीवर या विषयाची शिस्त वेबची मानके ठरवणाऱ्या संघाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या सुगम्यता उपक्रमातून घडली. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ व २०२३ मध्ये आल्या. मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला जाणवावा, पानावरील प्रत्येक क्रिया माउसविनाही करता यावी, आशय आणि पानाचे वागणे समजावे, आणि निरनिराळ्या उपकरणांवर ते टिकावे अशी चार सूत्रे त्यांच्या मुळाशी आहेत. त्यांतील कित्येक कसोट्या मोजता येण्याजोग्या आहेत : नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातील तफावत किमान ४.५ : १ असावी, मजकूर दुपटीने मोठा केला तरी पान मोडू नये, बोटाने दाबायची जागा किमान २४ बिंदू रुंद व तितकीच उंच असावी. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, तर भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. कागदावर पाहता उणीव फारशी नाही.

ही सारी चौकट मात्र इंग्रजी पानाला गृहीत धरून रचली गेली, आणि मराठी पानाची सर्वांत मोठी अडचण तिच्या आधीच्या पायरीवर आहे. अंध वाचक संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर वापरतो. हा पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलच्या उठावदार बिंदूंत रूपांतरित करणारा कार्यक्रम असतो. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला एनव्हीडीए हा असा मोफत कार्यक्रम आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच दिलेले असते. या कार्यक्रमांना अक्षराचे चित्र दिसत नाही, फक्त त्यामागचा संकेतांक दिसतो. देवनागरीला स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ पासून अस्तित्वात आहे, परंतु त्याच काळात मराठी छपाईची आणि कार्यालयांची घडी श्रीलिपी, कृतीदेव, आकृती, सुरेख यांसारख्या टंकांवर बसली. या टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसवल्या होत्या. छापील कागदावर त्याने काहीच बिघडले नाही, उलट सुबक मराठी छपाई तालुक्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचली, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण तोच दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवला की डोळस वाचकाला ‘ग्रामपंचायत’ दिसते आणि अंध वाचकाला रोमन अक्षरे, कंस व विरामचिन्हे यांची निरर्थक मालिका ऐकू येते. तो मजकूर शोधता येत नाही, त्याचे भाषांतर होत नाही आणि तो फोनवर मोठा करून नव्याने मांडताही येत नाही.

युनिकोडचा स्वीकार झाल्यावर हा प्रश्न संपायला हवा होता, आणि राज्य शासनाने युनिकोडच्या वापराबाबत वेळोवेळी आदेशही दिले. परंतु पीडीएफ या कागदाची हुबेहूब प्रतिमा जपणाऱ्या स्वरूपात तो पुन्हा शिरतो. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी दिसते, आणि जोडाक्षरे दोन-तीन संकेतांकांपासून एकच आकृती घडवतात. पीडीएफ तयार करताना आकृती आणि मूळ संकेतांक यांचा दुवा नीट नोंदवला गेला नाही, तर बाहेर काढलेल्या मजकुरात वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, ‘क्ष’ आणि ‘त्र’ गळून पडतात, रफार हरवतो. म्हणजे युनिकोडमध्ये टंकलेला शासन निर्णयही पीडीएफ होताच अर्धवट वाचनीय ठरू शकतो. याहून सर्रास आढळणारा प्रकार म्हणजे टंकित पत्र छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, ते स्कॅन करायचे आणि त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवायचे. सहीचा पुरावा हवा म्हणून ही रीत पडली. पण सहीची प्रत आणि वाचनाचा मजकूर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. विशेष म्हणजे दिव्यांग हक्क नियमांनी २०१७ मध्येच संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब स्वरूपात किंवा अक्षरे ओळखता येतील अशा पीडीएफ स्वरूपात असावेत असे म्हटले होते. मराठी दैनिकांच्या ई-पेपरांतही पानाचे चित्रच प्रामुख्याने पुढे येते. याउलट मराठी विश्वकोशाच्या नोंदी वेबवर मजकूर म्हणून वाचायला मिळतात आणि २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया मुळापासून युनिकोडमध्ये आहे; दोहोंच्या रचनेत उणिवा काढता येतील, तरी अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांचे मोल रंगीत, फिरत्या चित्रांच्या कोणत्याही शासकीय मुखपृष्ठापेक्षा अधिक आहे.

मजकूर खरा असला तरी तो कोणत्या भाषेतला आहे हे पानाने यंत्राला सांगावे लागते. देवनागरीत मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा अनेक भाषा लिहिल्या जात असल्याने लिपी पाहून भाषा ठरवता येत नाही, आणि पानाच्या आरंभी एका ओळीत द्यायची ती भाषेची खूण कित्येकदा इंग्रजीची ठेवलेली असते, कारण साचा इंग्रजीतून उचललेला असतो. अशा वेळी आवाज मराठी मजकूर गाळतो किंवा हिंदी वळणाने वाचतो. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे दोन उच्चार एक होतात आणि ‘ळ’ची कुचंबणा होते. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे व अक्षरवळणाचे जे प्रमाण ठरवले, त्यातील ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपेही अनेक टंकांत ही भाषेची खूण असेल तरच उमटतात. ‘ॲ’चा प्रश्न आणखी बारीक आहे : या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, पण बरेच जण ‘अ’वर चंद्र देऊन ते अजूनही दोन संकेतांकांत लिहितात, त्यामुळे पडद्यावर सारखेच दिसणारे दोन ‘ॲप’ शोधात एकमेकांना सापडत नाहीत. ज्याला डोळ्यांनी पान चाळता येत नाही आणि जो शोधावरच अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा किरकोळ तपशील राहत नाही.

तालुका पातळीवर माहितीचा मोठा भाग तर संकेतस्थळावरही मजकूर म्हणून जन्माला येत नाही. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मराठवाड्याच्या बाहेरही प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष वद्य पक्षात भरणाऱ्या या यात्रेत जनावरांचा बाजार, कुस्त्या, कृषी प्रदर्शन आणि लोककलांचे कार्यक्रम होतात व तिच्या आयोजनात नांदेड जिल्हा परिषदेचा मोठा वाटा असतो. अशा कार्यक्रमाची पत्रिका, ग्रामसभेची नोटीस, लसीकरणाची तारीख किंवा नळाला पाणी येण्याचे वेळापत्रक हे आज बहुधा रंगीत फलकाचे चित्र म्हणून फिरते आणि तेच चित्र पुढे पानावर चिकटवले जाते. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचा आशय सांगणारे शब्द, जोडण्याची सोय प्रत्येक संकेतस्थळात असते. मात्र तिथे ‘चित्र १’ किंवा फाइलचे नाव लिहून सोपस्कार उरकला जातो. फलकावरील तारीख, वेळ, ठिकाण आणि संपर्क एवढे चार तपशील खाली मजकुरात दिले तरी पुरे असते, आणि नेत्यांच्या छायाचित्रांचे वर्णन नसले तरी कोणाचे काही अडत नाही.

वाचनानंतरचा टप्पा अर्ज भरण्याचा. येथे कॅप्चा, म्हणजे वापरणारा यंत्र नसून माणूस आहे हे पटवण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारी चौकट, ही पहिली भिंत ठरते. आवाजी पर्याय नसेल तर अंध व्यक्ती तिथेच थांबते. त्यानंतर फक्त माउसने उघडणारी दिनदर्शिका, नाव नसलेल्या रिकाम्या चौकटी, लाल रंगानेच दाखवलेली चूक आणि ठरावीक मिनिटांनी संपणारे सत्र अशा अडचणी येतात. वेळमर्यादा सुरक्षिततेसाठी असते हे मान्य केले तरी ती संपण्यापूर्वी सूचना देणे आणि भरलेला मजकूर जपणे यात कोणतीही असुरक्षितता नाही. चेहऱ्याच्या आधारे ओळख पटवण्याच्या पद्धतीने यात नवी भर घातली. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँक खाते उघडताना डोळ्यांची उघडझाप करून जिवंतपणा सिद्ध करण्याची अट पाळता आली नाही. त्यांची आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल प्रवेश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि ओळख पडताळणीच्या प्रक्रियेत पर्याय ठेवण्यासह वीस निर्देश दिले. योजनांचे हप्ते ई-केवायसीवर अडू लागलेल्या काळात या निकालाचा संबंध महानगरांपेक्षा लहान गावांशी अधिक आहे, कारण तिथे पर्यायी शाखा किंवा दुसरे कार्यालय जवळ नसते आणि अपुऱ्या पडताळणीसाठी खेटे घालण्यात मजुरी बुडते.

याआधीचा निकाल तत्त्वाच्या दृष्टीने अधिक मूलगामी होता. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांतील नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाच्या कलम ४० ला बंधनकारक मानके अभिप्रेत असताना नियमाने केवळ शिफारशींच्या स्वरूपातील मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले होते. ‘करावे’ आणि ‘केल्यास बरे’ यांतील ही गल्लत दूर करून न टाळता येणारी किमान मानके तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेश केंद्र शासनाला देण्यात आला. अधिनियमाचे कलम ४२ श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व आशय सुगम्य स्वरूपात देण्याची अपेक्षा ठेवते, आणि कलम ८९ पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत, पुढील उल्लंघनांसाठी पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीविरुद्ध अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये केलेला दावा दोन वर्षांनी साठ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. त्या तुलनेत भारतीय कायद्याचे शब्द दुबळे नाहीत, दुबळी आहे ती तपासणी.

तपासणी दुबळी असली की तोंडदेखल्या उपायांना बरे दिवस येतात. शासकीय संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षर लहान-मोठे करण्याची आणि रंग उलटे करण्याची बटणे सर्वत्र दिसतात, पण हे दोन्ही बदल ब्राउझर आणि फोन स्वतःच करू शकतात. ज्या पानावरील नोटीस चित्रात आहे, तिथे ही बटणे त्या चित्रातील एकही शब्द वाचनीय करत नाहीत. एका ओळीचा आयता कार्यक्रम बसवला की संकेतस्थळ सुगम्य होते, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरण्याचा प्रस्तावित आदेश जाहीर केला, त्यामागेही हेच कारण होते. वेबएम ही संस्था दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०१९ पासून त्यांतील ९४ ते ९८ टक्के पानांत उघड दोष आढळत आले असून फिकी अक्षरे हा त्यांतील सर्वांत सर्रास दोष आहे. तेव्हा मराठी संकेतस्थळे जगावेगळी वाईट आहेत असे नाही. उलट भारतातील जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सुगम्यता गृहीत धरून रचलेल्या सामायिक मंचावर मोठ्या प्रमाणात आल्याने त्यांचा सांगाडा पुष्कळ सुधारला आहे. सांगाडा मंच देतो, आशय मात्र कार्यालय भरते, आणि दोष आता मुख्यतः त्या आशयात आहे.

समावेशकतेचा भाषिक पैलू नांदेड जिल्ह्यात टाळता येत नाही. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेवरील या जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड आणि बंजारा बोली बोलल्या जातात, आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे पंजाबी यात्रेकरूही येथे मोठ्या संख्येने येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने तिच्यासाठी दिशेची वेगळी खूण लागते. ती नसेल तर आकडे आणि विरामचिन्हे जागा बदलतात. तथापि सर्व भाषांत सर्व काही देण्याची अपेक्षा अवास्तव आहे, आणि प्रत्यक्षात निकडीची अडचण दुसरीच आहे : मराठी पान निवडूनही पुढच्या टप्प्यावर इंग्रजी अर्ज, इंग्रजी चूक-संदेश आणि इंग्रजी तालुक्यांची यादी समोर येणे. त्यात कार्यालयीन मराठीची भर पडते. २०११ मध्ये नांदेड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७५ टक्के होती आणि स्त्रियांची त्याहून बरीच कमी. ‘उपरोक्त विहित नमुन्यातील दस्तऐवज साक्षांकित करून सादर करावेत’ हे वाक्य अशा वाचकाला स्क्रीन रीडरविनाही अगम्य आहे. कर्णबधिर व्यक्तींची प्रथम भाषा पुष्कळदा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी दुसरी, त्यामुळे सोप्या वाक्यांचा लाभ त्यांनाही होतो. चित्रफितींना मराठी शब्दपट्टी देणे हा त्यापुढचा भाग आहे.

पानाचे वजन हा तांत्रिक वाटणारा मुद्दाही येथेच मोडतो. जुन्या फोनवर, डोंगराळ भागातील कमकुवत नेटवर्कमध्ये आणि महिनाअखेरीस उरलेल्या डेटावर फिरत्या चित्रांचे मुखपृष्ठ उघडतच नाही. साधा मजकूर उघडतो.

शिक्षणक्षेत्रात या सर्व अडचणी एकत्र येतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. अशा ग्रामीण विद्यापीठांतील दिव्यांग विद्यार्थ्याला प्रवेश, परीक्षा अर्ज, वेळापत्रक आणि निकाल या प्रत्येक टप्प्यावर संकेतस्थळ लागते, आणि स्कॅन केलेल्या मराठी टिपणांवर अभ्यास करावा लागतो तो वेगळाच. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेने आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राने सुगम्य पुस्तकांचे काम उभे केले आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी किमान आपली सूचनापत्रे आणि टिपणे मजकूर म्हणून दिली, तर त्या कामाला आधार मिळेल.

दुरुस्तीचा क्रमही यातून निघतो, आणि तो प्रचलित क्रमाच्या उलटा आहे. आज आधी रंगरूप बदलते, मग बटणे येतात, मग प्रमाणपत्र मिळवले जाते आणि मजकुराकडे शेवटी पाहिले जाते. त्याऐवजी युनिकोड मजकूर, भाषेची खूण, खरी शीर्षके, चित्रांचे पर्यायी शब्द आणि नाव असलेल्या चौकटी एवढे आधी झाले, तर स्क्रीन रीडर, भाषांतर, शोध आणि लहान पडदा या चौघांचेही काम एकदमच सुकर होते. यंत्राने केलेली तपासणी दोषांचा काही भागच पकडते. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने अर्ज पूर्ण करून पाहणे आणि परिसरातील दिव्यांग व्यक्तीलाच मानधन देऊन पान तपासायला बोलावणे याला पर्याय नाही. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला आहे, त्याने अशा तपासनीसांची जिल्हावार नोंद ठेवली तर ते काम सेवा केंद्रांच्या चालकांपर्यंतही पोहोचू शकेल. मंच, पडताळणी आणि कॅप्चा यांचे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात व त्यांना वेळ लागेल. लोहा किंवा कंधार तालुक्यातील ग्रामपंचायतीने, शाळेने वा पतसंस्थेने आपली पुढची नोटीस फलकाच्या चित्राबरोबर मजकूर म्हणूनही प्रसिद्ध करावी. त्यासाठी निविदा, निधी किंवा शासन निर्णय यांपैकी कशाचीही गरज नाही.